माहेरची गाडी

माहेरी जाताना बाईने काय न्यावं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. वहिनीला साडी, भाच्यांना खाऊ, दादाने फोनवर दहादा नाव सांगूनही आपल्याला न कळलेलं त्याचं औषध, आणि येताना नारळ-कोकमं भरायला मोठ्या रिकाम्या पिशव्या. काय न्यायचं नाही, हेही ठरलेलं आहे. स्वयंपाकघर न्यायचं नाही. ते ठाण्याला कुलपात ठेवता यावं म्हणून तर माहेर असतं. माझ्या नवऱ्याने यंदा मार्गशीर्षात ते चाकांवर चढवलं आणि मला त्यात बसवून वेंगुर्ल्याच्या दिशेने नेलं.

कॅम्परव्हॅन ताब्यात देताना तिच्या तरुण मालकाने आमची तासभर शिकवणी घेतली. मागची दोन बाकं आणि मधलं टेबल एकमेकांत अडकवलं की डबल बेड होतो. बेड झाला की बाजूचं दार उघडत नाही. दार उघडायचं तर आधी बेड मोडायचा. छपरावर सोलर पॅनेल, खाली जादा बॅटरी, साठ लिटरची पाण्याची टाकी, एक शेगडी, वीतभर सिंक, बाहेर ओढायची कनात. आणि पडद्यामागे एक छोटेखानी शौचालय. त्याच्या खालचा निळ्या औषधाचा डबा भरला की आपणच ओढून काढायचा आणि आपणच कुठेतरी रिकामा करायचा. कुठेतरी म्हणजे कुठे, हे शिकवणीत नव्हतं. नवरा सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. शेवटी करारनामा पुढे सरकवत मुलगा म्हणाला, “काकू, एकच रिक्वेस्ट. गाडीत मासे शिजवायचे नाहीत. वास जात नाही, मग डिपॉझिट कापावं लागतं.”

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा, डिसेंबर महिना, आणि मी वेंगुर्ल्याची. सही मी नवऱ्याला करायला लावली.

नवऱ्याचं यामागे तत्त्वज्ञान होतं. निवृत्तीनंतर त्याने नॉर्वे आणि न्यूझीलंडमधल्या जोडप्यांचे व्हिडिओ इतके पाहिले होते की त्यांच्या कुत्र्यांची नावंही त्याला पाठ झाली होती. ही जोडपी बर्फाळ समुद्राकाठी गाडी लावतात, कॉफी करतात आणि खिडकीतून बाहेर बघत बसतात. “बुकिंग नाही, चेकआउट नाही, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही,” नवरा म्हणायचा. त्या व्हिडिओंत मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. भूगोलाच्या पुस्तकातल्या आपल्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर माणूस नसलेली जागा शोधायला निघालेला हा बहुधा पहिलाच गृहस्थ असावा.

मला गाडीशी कर्तव्य नव्हतं. मला चालायचं होतं. थंडीतल्या सकाळी, सुकतीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवरून पाय दुखेपर्यंत. त्यासाठी भरती-सुकतीचं गणित लागतं आणि ते माझ्याकडे आजीचं होतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला सुकती. दुसऱ्या दिवशी तेच पाऊण तासाने पुढे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्यामुळे पाणीही लांबवर ओसरतं; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा समुद्र फार हातपाय हलवत नाही. म्हणून मी पौर्णिमा सरताच निघायचा आग्रह धरला. नवऱ्याकडे ॲप होतं. ॲप आणि आजी यांच्यात थोडाफार फरक पडायचा, पण आजीला रेंज लागत नसे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही नागावला ‘नुसती गाडी दाखवायला’ नणंदेच्या सासरी थांबलो. तिथे पोपटी लागली होती. रायगडातल्या हिवाळ्याला नकार देता येत नाही, आणि पोपटी म्हणजे तोच हिवाळा: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पाचोळा-काटक्या पेटवायच्या. आतल्या शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. आग विझेपर्यंत गप्पा, शेंगा संपेपर्यंत गप्पा, आणि मग रात्री अकराला नवरा “आम्ही आता निघतो, किनाऱ्यावर गाडी लावू” म्हणाला तेव्हा नणंदेच्या सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. आम्ही माजघरात झोपलो. गाडी अंगणात झोपली.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याला मी नवऱ्याला अफानासी निकितीनची गोष्ट सांगितली. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथे चौलला उतरला, तो बरोबर घोडा घेऊन. जुन्नरच्या खानाने घोडाच जप्त केला, आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. परक्या मुलखात स्वतःचं वाहन मिरवायची खोड जुनीच आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. नवऱ्याने काच वर केली.

आगरदांड्याला दिघीच्या जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीवर, चढताना तिकीटवाल्या पोराने पावतीपुस्तक मिटून ठेवलं आणि गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

“मागे काय माल?”

“माल नाही. पलंग आहे.”

“विकायचाय?”

“झोपायचंय.”

दरफलकावर दुचाकी होती, कार होती, टेम्पो होता, बस होती. घर नव्हतं. शेवटी टेम्पोवर तडजोड झाली. पण ‘झोपायचंय’ हे बोटभर ऐकू गेलं होतं आणि खाडीच्या मध्यावर येईतो प्रवाशांची रांग लागली. नवरा प्रत्येकाला बाकं, टेबल, बेड, टाकी असं क्रमाने दाखवत होता. मराठ्यांना कधी जिंकता न आलेला जंजिरा पलीकडे उभा होता. त्या फेरीत त्याच्याकडे एकाही माणसाने पाहिलं नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता शेखाडीवरून जातो, आणि तो आख्ख्या कोकणातला सर्वांत देखणा रस्ता आहे, हे माझं मत मी कोणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला, हात बाहेर काढला तर भिजेल इतका जवळ समुद्र. इथे नवऱ्याला त्याची जागा सापडली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. कनात ओढली, कॉफी केली, खिडकीतून बाहेर बघितलं. अंधार पडल्यावर खिडकीत आमचेच चेहरे दिसायला लागले, तेव्हा बेड घातला. नवऱ्याने माकडटोपी चढवली. समुद्र एका लयीत वाजत होता. मला डोळा लागतोय तोच दारावर काठी वाजली.

“कोण हाय? दार उघडा!”

दार उघडणं शक्यच नव्हतं. बेड घातला होता.

“दोन मिनिटं!” नवरा ओरडला. “मोडतोय!”

“काय मोडताय?”

१९९३च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स या शेखाडीलाच उतरलं होतं. तेव्हापासून या किनाऱ्यावरची माणसं रात्री लाटेखेरीज दुसऱ्या कुठल्या आवाजाला सहजी झोपत नाहीत. सागर सुरक्षा दलात गावातलीच मंडळी असतात. अंधारात समुद्राकाठी एक पडदे लावलेली गाडी, आत कुजबूज, आणि दार उघडा म्हटल्यावर आतून खाडखाड काहीतरी मोडल्याचा आवाज. त्यांच्या जागी मी असते तर काठी दारावर आपटून थांबले नसते.

अखेर दार उघडलं. टॉर्चच्या झोतात माकडटोपी आणि अर्धी चड्डी बघून त्यांचा निम्मा संशय गेला. उरलेला असा गेला:

“कुठचे?”

“ठाण्याचे.”

“ठाण्यात कुठे?”

“कोपरीला.”

टॉर्च खाली आला. “कोपरीला कुठे? माझा साडू कोपरीला असतो.”

मग नवऱ्याला बोलायचं काही उरलंच नाही. साडूची इमारत आमच्या मागच्या गल्लीत निघाली. साडूच्या मुलीचं लग्न आम्ही मांडवाबाहेरून का होईना, पाहिलं होतं, म्हणजे बँड आमच्या खिडकीखालून गेला होता. एवढं नातं पुरलं. रात्री बारा वाजता एका अनोळखी घरात चुलीवरचं गरम पाणी, तांदळाची भाकरी आणि नव्या अभ्र्याची उशी. नॉर्वेत हे होत नाही, असं मी नवऱ्याला अंधारात सांगितलं. तो झोपला होता, किंवा तसं दाखवत होता.

बागमांडल्याहून वेसवीला खाडी ओलांडली की वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि पुन्हा वळूनही न बघता समुद्रात निघून जाते. पिल्लं साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी आपली आपण बाहेर पडतात. यातली मादी मोठी झाली की जिथे जन्मली त्याच किनारपट्टीवर अंडी घालायला परतते. बाळंतपणाला माहेरी यावं तशी. फरक इतकाच, की तिला वाटेत कोणी जेवायला थांबवत नाही. मी सकाळी तिथे चालले तेव्हा वाळूवर तिच्या वल्ह्यांच्या खुणा नव्हत्या. होत्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या, आणि त्या मोडू नयेत म्हणून वाकडीतिकडी चालणारी मी.

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात नवऱ्याने कराराचा बारकाईने अभ्यास केला. ‘गाडीत’ शिजवायचे नाहीत. गाडीबाहेरचं काही लिहिलेलं नव्हतं. मध्यम सुरमई घेऊन त्याने कनातीखाली शेगडी मांडली आणि सुरी चालवायला सुरुवात केली. शेजारून जाणारी एक बाई थांबली. थोडा वेळ तिने सोसलं. मग ती पुढे आली, “द्या इकडं” म्हणाली, आणि सुरमई, सुरी आणि नवऱ्याचा आत्मसन्मान घेऊन आपल्या घराकडे चालू लागली. आम्ही मागून गेलो. कालवण अप्रतिम होतं.

शौचालयाचा प्रश्न मी आटोपशीर मांडते. नवऱ्याने ते तत्त्व म्हणून वापरलं. दाभोळच्या अलीकडे एका गावाच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी मोठी पाटी होती आणि तिच्याखाली नवरा हातात डबा घेऊन उभा होता. एका भल्या माणसाने आपल्या घरामागचं शौचालय डबा रिकामा करायला उघडून दिलं. तो कडेला उभा राहून सगळं बघत होता. निळं पाणी गेलं, डबा धुऊन झाला. मग त्याने अत्यंत नम्रपणे विचारलं, “पण साहेब, तुम्ही सरळ इथेच का नाही आलात?” यावर पुढे काही तर्क चालत नाही. डबा त्यानंतर वेंगुर्ल्यापर्यंत कोरडा राहिला.

गुहागरला मी पोटभर चालले. सहा किलोमीटरचा सलग किनारा, मागे सुरूची बनं, त्यामागे नारळी-पोफळी आणि व्याडेश्वराचं देऊळ. गुहागर गाव समुद्राला पाठ करून बसलेलं आहे. रस्त्यावरून चालणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की घरांच्या मागे एवढं मोठं काही आहे. सकाळी पाणी दूर गेलेलं, वाळूवर धुक्याचा पातळ पदर, आणि थंडीत उत्तरेकडून आलेले कुरव शेकड्यांनी पाण्याच्या कडेला एकाच दिशेला तोंड करून उभे. वाऱ्याकडे तोंड केलं म्हणजे पिसं विस्कटत नाहीत. मी जवळ गेले की थवा उठायचा, माझ्या डोक्यावरून अर्धगोल मारायचा आणि मागे जाऊन उतरायचा. त्यांना माझी भीती वाटत नव्हती. आळस आला होता. मला कोणी ओळखत नव्हतं, कोणी जेवायला बोलवत नव्हतं. असगोलीच्या टोकापर्यंत जाऊन मी परत आले तेव्हा पाणी वर सरकू लागलं होतं आणि आमच्या गाडीपुढे माणसांची रांग होती.

सर्वांत पुढे एक आजीबाई. गाडीच्या पायरीवर बसलेल्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं आधार कार्ड. नवरा घामाघूम झाला होता.

“आजी, ही सरकारी गाडी नाही हो.”

“असू दे. बोटं उठत नाहीत माझी. परवा रेशनला नाही उठली. तुमच्या मशीनवर बघा.”

“आमच्याकडे मशीन नाही.”

“मग ते काय?” आजींनी शेगडीकडे बोट दाखवलं.

त्यांच्या मागच्याला ही रक्तदानाची गाडी वाटली होती आणि तो उपाशीपोटी आला होता. तिसऱ्याने बकरी आणली होती. छपरावर पॅनेल, अंगावर पडदे, बाजूला कनात. पोटात काहीतरी योजना असल्याशिवाय अशी गाडी कोणी कशाला आणेल? शेवटी नवऱ्याने आजींना कॉफी करून दिली, आणि बोटांना तेल लावून रोज चोळा, असा स्वतःच्या बुद्धीने सल्ला दिला. आजींना तो पटला. सरकारने पहिल्यांदाच काहीतरी कामाचं सांगितलं, असं म्हणून त्या उठल्या, आणि जाताना आम्हाला दुपारच्या जेवणाचं आवतण देऊन गेल्या.

तवसाळहून जयगडला उतरलो, गणपतीपुळ्याला दुरून हात जोडले, आरे-वारेच्या चढावर गाडी धापा टाकत असताना मी उतरून तिच्याबरोबरीने चालले. रत्नागिरी मात्र आम्ही रात्री, काचा वर करून, हॉर्न न वाजवता पार केली. रत्नागिरीत माझी मावशी राहते. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ साली मरेपर्यंत तिथून हलू शकला नाही. आणि इंग्रज तर परके होते. मावशीला दुसऱ्या दिवशी कळलंच. भाट्याच्या पुलावर कोणीतरी गाडी पाहिली होती. तो अध्याय अजून चालू आहे.

कुणकेश्वराच्या वाळूवर थोडी चालले, आचऱ्याला चहा घेतला आणि एका दुपारी घरच्या वाटेला लागलो. गाडी पाणंदीच्या तोंडाशीच अडकली. दोन्हीकडे चिऱ्यांचा गडगा आणि मधे बैलगाडीपुरती वाट. गाडी मागे घेऊन रवळनाथाच्या देवळापुढच्या माळावर लावावी लागली. नवऱ्याचा चेहरा उजळला. ‘आम्ही रात्री तिथेच झोपतो, तुम्हाला त्रास नको’ असं तो वहिनीला म्हणाला. वहिनी बसल्याबसल्या नारळ सोलायची थांबली.

“गाडयेत? कित्याक? आमचा घर काय मोडान पडला?”

प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी गावची जत्रा. कार्तिकी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा लागतात आणि प्रत्येक जत्रेत रात्रभर दशावतार. आधी गणपती, सरस्वती, संकासुराचा आड दशावतार, मग आख्यान. संवाद कुठे लिहिलेले नाहीत, पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने उभ्या उभ्या सुचतील ते, आणि पहाटे दहीकाला. बायकांची कामं पुरुष करतात. एरवी नट देवळाच्या मागच्या पडवीत बसून स्वतःचे चेहरे स्वतः रंगवतात. यंदा देवळाचा जीर्णोद्धार चाललेला, पडवीत सिमेंटच्या गोणी. संध्याकाळी मंडळींचा टेम्पो आला, पेटारे उतरले आणि बसायला जागा नाही.

“पावण्यांच्या गाडयेत आरसो आसा, लाइटी आसत,” दादाने कमिटीला सांगितलं. “थंयच बसान रंगवूंदेत तोंडां.”

नवऱ्याला इतका आनंद मुलगा इंजिनिअर झाला तेव्हाही झाला नव्हता. जादा बॅटरी, एलईडी, सिंकवरचा आरसा, बाकं, टेबल. प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच कामाला येत होती. टेबलावर सफेदा, काजळ, पिवडी मांडली गेली. राणी, म्हणजे एक ठेंगणा पिळदार गृहस्थ, नऊवारीचा काष्टा सावरत शेगडीवर चहा ठेवत होती. भटजी जानवं घालून साठ लिटरच्या टाकीचं पाणी वापरत होता. राक्षस एक मिशी काढून झाल्यावर थांबला आणि नवऱ्याकडून बेड कसा होतो ते नीट समजून घेतलं. हिवाळाभर ही माणसं रोज नव्या गावी, रात्री नाटक, दिवसा मिळेल तिथे झोप. व्हिडिओतल्या जोडप्यांना न येणारे प्रश्न त्यांनी विचारले: चढाला किती ॲव्हरेज देते, छपरावर पेटारे राहतील का, शिमग्यापर्यंत भाड्याने कितीला पडेल. नवरा गुंतागुंतीच्या हिशोबाला बसला.

आख्यान ऐन रंगात आलं. राक्षस मारला गेला, मरताना त्याने सरपंचांना दोन टोमणेही मारून घेतले, आणि तो माळावर दिसेनासा झाला. पहाटे दहीहंडी फुटली. वहिनी घरून चहाची किटली घेऊन आली आणि मंडळींना आंबोळ्या खायला घरी न्यायला लागली. मोजणीत एक जण कमी भरला. ती तरातरा गाडीकडे गेली आणि दारावर थापा मारू लागली.

“उठा हो! आंबोळयो थंड होतत. गाडयेत कित्याक निजतास? घर काय मोडान पडला?”

आत बराच वेळ खुडबुड झाली. मग पडदा सरकवून अर्धी पुसलेली एक मिशी बाहेर डोकावली.

“येतंय वैनी. दार उघडणा नाय. आधी ह्यो बेड मोडूक होयो.”